एका फोटोत अकरा फोटो

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या, म्हणजे मुलींच्या हॉस्टेलच्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट तुटला. जानेवारीत परत तुटला. पहिल्या वेळी सगळ्यांनी नशिबाला बोल लावला आणि बादल्या घेऊन खालच्या हौदापाशी रांग लावली. दुसऱ्या वेळी मात्र नोटीस बोर्डावर कागद लागला. 'विद्यार्थिनी पाण्याचा बेसुमार वापर करतात, त्यामुळे पंप जादा चालवावा लागतो व शाफ्ट तुटतो. सबब उद्यापासून सकाळी पाणी फक्त अर्धा तास सोडण्यात येईल.' एका मजल्यावर चाळीस मुली, चार बाथरूम आणि अर्धा तास. गणित तुम्हीच करा!

मी मेकॅनिकलची. जादा चालवला म्हणून शाफ्ट तुटला, हे काही मला पटेना. पंपाच्या काकांकडे गेले, तर तुटलेला तुकडा अजून पंपघराच्या कोपऱ्यात पडला होता. भंगारात जायचा तेवढा बाकी होता. तो उचलून आणला आणि मशीन डिझाइनच्या सरांना दाखवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, तुकडा खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरला आणि म्हणाले, "यात सगळं लिहिलेलं आहे. पण रिपोर्टला तुकडा टाचता येत नाही. फोटो काढ. अख्खा चेहरा एका फोटोत स्वच्छ दिसला पाहिजे."

फोटो काढ! वाटलं, पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात तीन रात्री गेल्या. त्या तीन रात्रींत मी जे शिकले त्याला 'फोकस स्टॅकिंग' म्हणतात. आपल्यापैकी अनेकांना किडे, फुलं, सर्किट बोर्ड, धातूचे नमुने अशा गोष्टींचे जवळून फोटो काढायचे असतात आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. म्हणून हा लेख.

फोकसची जाडी

आधी तुकड्याबद्दल. शाफ्टचा व्यास २४ मि.मी. एका बाजूला की-वेची खाच. तुटलेला पृष्ठभाग सपाट नव्हता. की-वेच्या कोपऱ्याशी तो खोल होता आणि समोरच्या काठाकडे चढत गेला होता. व्हर्निअरने मोजलं तर खालच्या आणि वरच्या टोकात ७ मि.मी. चा फरक. कोपऱ्यावर फोकस केला की वरचा काठ पुसट, काठावर केला की कोपरा पुसट. मधे केला की दोन्ही पुसट!

लेन्स खरं म्हणजे एकाच प्रतलावर फोकस करते. त्याच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचंही आपल्या डोळ्याला स्पष्ट वाटतं, कारण तिथल्या बिंदूचा ठिपका पसरला तरी तो फार छोटा असतो. या स्पष्ट पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. मराठी विभागासाठी लिहितेय म्हणून मी त्याला 'स्पष्टतेची जाडी' म्हणणार आहे. पावाच्या स्लाइससारखी ही एक चकती असते, असं समजा. लांबच्या डोंगराचा फोटो काढताना ती कित्येक मीटर, किलोमीटर जाड असते. आपण जसजसे जवळ जातो तसतशी ती पातळ होत जाते. किती पातळ? जवळच्या फोटोंसाठी एक साधं सूत्र आहे:

जाडी = २ × एफ-आकडा × ०.०२ × (मॅग्निफिकेशन + १) ÷ (मॅग्निफिकेशनचा वर्ग)

यात मॅग्निफिकेशन म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रतिमेचा आकार भागिले वस्तूचा खरा आकार. आणि ०.०२ मि.मी. म्हणजे ठिपका किती पसरला तरी आपण त्याला 'बिंदू' म्हणून चालवून घेतो, ती मर्यादा. साध्या डीएसएलआरच्या साधारण २४ × १६ मि.मी. सेन्सरला हा आकडा ठीक आहे.

माझा २४ मि.मी. चा शाफ्ट १६ मि.मी. उंचीच्या सेन्सरवर बसवायचा, तर मॅग्निफिकेशन साधारण ०.६ हवं. ॲपर्चर एफ/८ धरा. जाडी येते १.४ मि.मी. आणि मला हवी होती ७!

ॲपर्चर बंद करून का भागत नाही?

तुम्ही म्हणाल, एफ-आकडा वाढव. सूत्रातच तर आहे. मीही तेच केलं. एफ/२२ लावलं. जाडी ३.९ मि.मी. झाली. म्हणजे ७ च्या निम्म्याच्या थोडी पुढे. पण फोटो बघते तर आता जिथे फोकस होता तिथेसुद्धा सगळं मऊ मऊ. जणू लेन्सवर कुणी दुधाचा हात फिरवलाय.

हा फर्स्ट इयरला शिकलेला डिफ्रॅक्शनचा प्रताप. छोट्या भोकातून गेलेला प्रकाश पसरतो. बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, तिची चकती होते. या चकतीचा व्यास साधारण २.४४ × तरंगलांबी × एफ-आकडा × (मॅग्निफिकेशन + १). हा शेवटचा कंस महत्त्वाचा आहे, कारण जवळून फोटो काढताना लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि एफ/२२ हे प्रत्यक्षात एफ/३५ सारखं वागू लागतं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मि.मी. धरली तर एफ/८ ला चकती ०.०१७ मि.मी. येते, म्हणजे आपल्या ०.०२ च्या आत. एफ/२२ ला ती ०.०४७ मि.मी. होते. मर्यादेच्या दुप्पट ओलांडून पुढे!

थोडक्यात काय, ॲपर्चर उघडलं तर जाडी जाते, बंद केलं तर धार जाते. इकडे आड तिकडे विहीर. हजारांची लेन्स घ्या नाहीतर लाखाची, प्रकाशाचा नियम सगळ्यांना सारखाच.

युक्ती

एका चकतीत मावत नाही ना? मग अनेक चकत्या घ्या. ॲपर्चर लेन्सला जिथे सगळ्यात छान चालतं तिथे ठेवा. पहिला फोटो वस्तूच्या सर्वांत जवळच्या टोकावर फोकस करून काढा. मग फोकस किंचित मागे सरकवा, दुसरा काढा. असं करत शेवटच्या टोकापर्यंत जा. प्रत्येक फोटोत पातळशी एक चकती स्पष्ट असेल. मग कॉम्प्युटरला सांगायचं, प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग तेवढा उचल आणि एकच चित्र कर.

ही कल्पना नवीन नाही. मायक्रोस्कोपवाल्यांची ही जुनीच डोकेदुखी. पायपर आणि कॉर्पेल यांनी १९८३ मध्येच अनेक फोकसचे फोटो एकत्र करून जाडी वाढवण्यावर शोधनिबंध लिहिला होता. डिजिटल कॅमेरे आल्यावर ती सर्वांच्या हाती आली. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या हातावरचा माहली कॅमेरा दगडांचे असे फोटो तिथल्या तिथे, एका वेळी आठपर्यंत, एकत्र करू शकतो. २०१५ मध्ये ऑलिम्पसने आणि २०१७ मध्ये निकॉनने डी८५० या कॅमेऱ्यात फोकस आपोआप सरकवत फोटो काढायची सोय दिली. लेव्हन बिस नावाच्या ब्रिटिश फोटोग्राफरने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या कीटकांचे भिंतीएवढे फोटो केले, त्यांचं प्रदर्शन २०१६ मध्ये झालं. त्यातलं एकेक चित्र आठ ते दहा हजार फोटोंचं आहे! त्या मानाने माझे अकरा म्हणजे अगदीच किरकोळ.

किती फोटो?

पायरी किती ठेवायची याचा माझा नियम सोपा आहे: जाडीच्या निम्मी. म्हणजे प्रत्येक चकती शेजारच्या चकतीवर अर्धी चढते आणि मधे पुसट पट्टा राहत नाही. १.४ ची निम्मी ०.७ मि.मी. एकूण खोली ७ मि.मी. म्हणजे १० पायऱ्या आणि ११ फोटो. शीर्षकाचं कोडं सुटलं असेल.

दुसरा फोटो की-वेच्या नुसत्या कोपऱ्याचा, दुप्पट मोठा करून हवा होता. मॅग्निफिकेशन २, एफ/४. जाडी ०.१२ मि.मी., पायरी ०.०६ मि.मी. कोपऱ्याची खोली २.४ मि.मी. म्हणजे ४० पायऱ्या आणि ४१ फोटो. ०.०६ मि.मी. म्हणजे साधारण एका केसाची जाडी. आता फोकस रिंग हाताने केसाएवढी फिरवून दाखवा!

आमची मांडणी

मॅक्रो लेन्स कुणाकडेच नव्हती. एका सिनिअरकडे जुना डीएसएलआर आणि ५० मि.मी. ची, ॲपर्चरची रिंग असलेली लेन्स होती. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधे एक्स्टेंशन ट्यूब म्हणजे पोकळ नळ्या लावल्या की मॅग्निफिकेशन वाढतं. नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ. ३० मि.मी. भागिले ५० म्हणजे ०.६. झालं काम! कोपऱ्यासाठी २८ मि.मी. ची लेन्स रिव्हर्स रिंग लावून उलटी बसवली. त्याने साधारण दुप्पट मिळतं.

आता केसाएवढी पायरी. यासाठी बाजारात फोकसिंग रेल मिळते, पण मला आठवला फिजिक्स लॅबमधला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप. तोच, ज्याच्यावर न्यूटन्स रिंग्ज मोजता मोजता आपले डोळे बाहेर आले होते! लीस्ट काउंट ०.००१ सें.मी. म्हणजे ०.०१ मि.मी. ०.०६ म्हणजे व्हर्निअरचे फक्त सहा भाग. फर्स्ट इयरला हे यंत्र कशाला शिकवतात ते मला थर्ड इयरला कळलं. लॅब असिस्टंट मामांनी "काच फुटली तर तुझं नाव सांगेन" एवढ्या प्रेमळ अटीवर ते दिलं. मायक्रोस्कोपची नळी काढून ठेवली, सरकत्या बैठकीवर तुकडा बसवला आणि कॅमेरा ट्रायपॉडवर पट्टीच्या टोकाला, सरकण्याच्या रेषेत लावला. कॅमेरा स्थिर, फोकस स्थिर, तुकडा सरकतो. फोकस रिंग फिरवली तर प्रत्येक फोटोत वस्तूचा आकार थोडा बदलतो. एवढ्या जवळून वस्तू सरकवलेलीच बरी.

पहिली रात्र फुकट गेली. तुकडा मी मेसमधून आणलेल्या कणकेच्या गोळ्यात रोवला होता. शंभर ग्रॅमचं लोखंड आणि मऊ कणीक! फोटो काढता काढता तुकडा हळूहळू मान टाकत होता आणि मला पत्ताच नाही. सगळे फोटो एकमेकांवर ठेवले तेव्हा कळलं. दुसऱ्या रात्री वर्कशॉपमधून छोटा क्लॅम्प आणला. पंखा बंद, दरवाजा बंद, मोबाइल दुसऱ्या टेबलावर. शटर हाताने दाबायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. ॲपर्चर, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, एकदा ठरवलं की हात लावायचा नाही. रात्री दीडनंतर जिन्यात धावपळ थांबली की खरं काम सुरू व्हायचं.

कॉम्प्युटर निवडतो कसा?

मला सगळ्यात उत्सुकता याची होती. 'स्पष्ट' म्हणजे काय, हे मशीनला कसं कळतं? उत्तर फार सुंदर आहे.

एका रांगेतले चार पिक्सेल घ्या. काळ्या-पांढऱ्याची कड आहे. फोकसमधल्या फोटोत त्यांची किंमत आहे ४०, ४०, २००, २००. फोकस गेलेल्या फोटोत तीच कड अशी दिसते: ६०, ९०, १५०, १८०. आता दुसऱ्या पिक्सेलचे दोन्ही शेजारी मिळवा आणि त्यातून त्याच्या स्वतःच्या किमतीची दुप्पट वजा करा. पहिल्या फोटोत ४० + २०० – ८० = १६०. दुसऱ्यात ६० + १५० – १८० = ३०. १६० मोठे, म्हणून या जागी पहिला फोटो जिंकला. हा झाला लॅप्लेसियनचा साधा अवतार. एम-थ्रीच्या पेपरमधला लॅप्लास कुठे कुठे भेटेल सांगता येत नाही.

सॉफ्टवेअर हे प्रत्येक पिक्सेलसाठी, प्रत्येक फोटोत करतं. त्याआधी सगळे फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवून घेतं. मग दोन मुख्य पद्धती. एक, प्रत्येक जागी कोणता फोटो जिंकला याचा नकाशा करायचा आणि त्याप्रमाणे पिक्सेल उचलायचे. यात रंग आणि पोत मूळचे राहतात, पण एकमेकांवर आलेल्या केसांसारख्या बारीक गोष्टी बिघडतात. दुसरी पिरॅमिड पद्धत. फोटोचे ठळक, मध्यम, बारीक अशा तपशिलांचे थर करायचे आणि प्रत्येक थरात वेगळी निवड करायची. याचं मूळ बर्ट आणि एडेलसन यांच्या १९८३ च्या लॅप्लेसियन पिरॅमिडमध्ये आहे. ही पद्धत किड्यांच्या केसांना चांगली, पण कॉन्ट्रास्ट आणि दाणे वाढवते.

हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही विकत घ्यायची सॉफ्टवेअर्स आहेत. मी फुकटातलं वापरलं. पॅनोरमासाठीच्या ह्यूगिनबरोबर फोटो जुळवणारा प्रोग्रॅम येतो, त्याने फोटो बसवले आणि एनफ्यूजने एकत्र केले. एनफ्यूज मुळात वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो मिसळायला केलेलं आहे. म्हणून त्याला सांगावं लागतं की एक्स्पोजर आणि रंगाचं वजन शून्य, कॉन्ट्रास्टचं वजन एक, आणि हार्ड मास्क लाव. हार्ड मास्क विसरलात तर सगळ्या फोटोंची सरासरी होऊन पुन्हा तेच दूध!

लाल बाण

दुसऱ्या रात्री तीन वाजता पहिला अकरा फोटोंचा चेहरा स्क्रीनवर आला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. की-वेच्या कोपऱ्यापासून निघून पसरत गेलेल्या कमानी, एकामागे एक, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. यांना बीच मार्क्सच म्हणतात. फटीग क्रॅक टप्प्याटप्प्याने पुढे सरकताना या खुणा मागे ठेवतो. आणि समोरच्या काठाशी छोटासा खडबडीत भाग. तिथे शेवटी एकदम तुटलं. हा भाग छोटा असणं म्हणजे एरवीचा भार जास्त नव्हता, उरलेल्या एवढ्याशा धातूवरही शाफ्ट फिरत राहिला. हा एका दिवसात आलेल्या ओव्हरलोडचा चेहरा नव्हता.

मग कोपऱ्याचे ४१ फोटो एकत्र केले. आणि त्यात मला सोनं सापडलं! की-वेच्या कोपऱ्यातून बाहेर पडणारी एक बारीक काळी रेषा. दुसरा क्रॅक! मी त्यावर मोठा लाल बाण काढला, खाली लिहिलं 'दुय्यम भेग', आणि सकाळी सरांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले.

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग एकच विचारलं, "ही रेषा मूळ कुठल्या फोटोत आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. रूमवर येऊन एकेचाळीसच्या एकेचाळीस फोटो एकेक करून पाहिले. पूर्ण रेषा एकाही फोटोत नव्हती. सतराव्यात तिचा एक तुकडा, अठराव्यात थोडा पुढचा, असं तेविसाव्यापर्यंत. मी कमानी उठून दिसाव्यात म्हणून एलईडी टॉर्च अगदी तिरका लावला होता, तो टेबलावर होता, आणि तुकडा मात्र सरकत होता. त्यामुळे खाचेच्या काठाची सावली प्रत्येक फोटोत किंचित वेगळ्या जागी पडत होती. सावलीची कड काळी-पांढरी, धारदार. कॉम्प्युटरला तेच हवं असतं. त्याने प्रत्येक फोटोतून सावलीचा एकेक तुकडा उचलला आणि प्रामाणिकपणे जोडून मला एक भेग करून दिली.

खरं सांगायचं तर तेव्हा मनात आलं, असू दे की! बाकीचं सगळं खरंच आहे. कोण बघतंय मूळ फोटो? आणि नोटीस लावताना त्यांनी तरी कुठे काय तपासलं होतं? पण बाण माझा होता. मला भेग हवी होती, म्हणून मला ती दिसली.

तिसऱ्या रात्री टॉर्च चिकटपट्टीने तुकड्याच्याच बैठकीवर बसवला, म्हणजे दोघं बरोबर सरकतील. उजेड मऊ व्हावा म्हणून पुढे ड्रॉइंगचा ट्रेसिंग पेपर. पुन्हा ४१ फोटो. रेषा गायब. मग टॉर्च दुसऱ्या बाजूने लावून आणखी एकदा. भेग असेल तर उजेड फिरवला तरी जागेवर राहते, सावली असेल तर पळते. कमानी मात्र तिन्ही वेळा तिथेच होत्या.

फोकस स्टॅकिंगबद्दल मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही. ते चित्र कुठल्याही एका क्षणी कुठल्याही लेन्सने पाहिलेलं नसतं. त्यातला पिक्सेल न् पिक्सेल खरा असतो, पण तो तिथे असावा ही निवड असते. निवड सॉफ्टवेअरने केली म्हणून जबाबदारी त्याची होत नाही. फोटोखाली नाव आपलं असतं.

करून बघायचं असेल तर

– आधी खोली मोजा, मग जाडी काढा, मग पायरी. अंदाजाने काढलेल्या स्टॅकमध्ये नेमका मधलाच एक पट्टा पुसट राहतो आणि तो सगळं संपल्यावर दिसतो.
– दोन्ही टोकांना एक-दोन फोटो जादा काढा. फुकट असतात.
– सेन्सर साफ करा. एका फोटोत धुळीचा एकच ठिपका दिसतो, पण स्टॅकमध्ये फोटो जुळवताना तो सरकतो आणि मुंग्यांच्या रांगेसारखी ओळ उमटते.
– हलणाऱ्या वस्तूवर सुरुवात करू नका. नाणं, सुकलेलं पान, जळालेला आयसी घ्या. फुलंसुद्धा वीस मिनिटांत मान वळवतात.
– पुढच्या कडेभोवती पुसट वलय दिसलं तर घाबरू नका. पुढची वस्तू फोकसबाहेर असताना मागचं झाकते, म्हणून ते येतं. मूळ फोटोतला योग्य भाग हाताने भरता येतो. भरला असेल तर तसं लिहा.
– तुटलेल्या धातूचा फोटो काढणार असाल तर दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून 'बसतात का' बघू नका. खुणा कायमच्या जातात. मऊ ब्रश आणि ॲसिटोन पुरे.
– मूळ फोटो कधीही डिलीट करू नका. पेन ड्राइव्ह भरला तर सिनेमे उडवा.

पंपाचं काय झालं?

रिपोर्ट सहा पानांचा झाला. फोटोखाली लिहिलं: किती फोटो, पायरी किती, ॲपर्चर काय, उजेड कुठून, सॉफ्टवेअर कोणतं, आणि मूळ फोटो सोबतच्या सीडीत. 'जादा वापरा'चंही गणित केलं. पंप मिनिटाला १४४० फेरे मारतो, म्हणजे तासाला ८६,४००. दिवसाला सहा तास धरले तर वीस दिवसांत एक कोटीच्या वर. स्टीलची एन्ड्युरन्स लिमिट साधारण दहा लाख ते एक कोटी फेऱ्यांत ठरते. त्या मर्यादेच्या आत ताण असेल तर शाफ्टला अर्ध्या तासाने काही फरक पडू नये. शाफ्ट तुटतोय, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला कुठून तरी जादा वाक येतोय. तो कुठून, हे फोटो सांगत नाही. तेवढं मी स्पष्ट लिहिलं. फोटो फक्त सांगतो की की-वेच्या कोपऱ्यातून, हळूहळू.

रेक्टर मॅडमनी रिपोर्ट ठेवून घेतला. काही बोलल्या नाहीत. आठवड्याने पंपघरात मोटर आणि पंप यांच्यामधल्या कपलिंगवर डायल गेज लावलेला दिसला. काकांनी हाताने शाफ्ट फिरवला आणि सुई जी पळाली ती बघायला आम्ही चौघीजणी दारात होतो. मोटरच्या पायाखालच्या पत्र्याच्या शिम एका बाजूने खाल्ल्या गेल्या होत्या. त्या बदलल्या, दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणले, नवीन शाफ्टच्या की-वेचा कोपरा टोकदार न ठेवता गोलाई देऊन केला. नोटीस बोर्डावरचा कागद कुणी काढला ते माहीत नाही, पण एका सकाळी तो नव्हता आणि पाणी साडेआठपर्यंत होतं.

'त्यानंतर शाफ्ट तुटला नाही' असं लिहून लेख संपवायचा मोह होतोय. पण नवीन शाफ्टला आता कुठे चार महिने झालेत, आणि मागचा पाच महिन्यांनी गेला होता. तेव्हा ते पुढच्या अंकात. तुकडा माझ्या टेबलावर आहे, मूळ फोटोही आहेत. ज्यांना बघायचे असतील त्यांनी जरूर यावं. लाल बाणाचा फोटोसुद्धा मी ठेवलाय. तोही दाखवेन.